स्वयंपाकी चार, तवा एकच

सर्व्हर म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? बहुतेकांच्या येते ती ऑफिसातली कुलूपबंद खोली. आत हाडं गोठवणारा एसी, हिरवे-निळे लुकलुकणारे दिवे, दारावर ‘अधिकृत व्यक्तींनाच प्रवेश’ ही पाटी. आत जायचं तर आयटीवाल्याची मनधरणी करायची आणि तो साहेबही जॅकेट घालूनच बाहेर येणार! आमचा सर्व्हर मात्र कर्वेनगरातल्या वन बीएचकेमध्ये, शू-रॅकच्या वर, राउटरच्या शेजारी बसलेला असतो. आकार पत्त्यांच्या कॅटएवढा. घरकामाला येणाऱ्या ताई त्याला ‘केबलवाल्याचा डबा’ म्हणतात. मीही कधी दुरुस्ती केलेली नाही. केबलवाल्याच्या डब्याला कोणी हात लावत नाही, हा त्यातला फायदा.

डब्याचं खरं नाव रास्पबेरी पाय. शाळकरी पोरांनी प्रोग्रॅमिंग शिकावं म्हणून केंब्रिजच्या एका धर्मादाय संस्थेने काढलेला हा स्वस्तातला कॉम्प्युटर. पहिला विक्रीला आला २९ फेब्रुवारी २०१२ ला, म्हणजे बिचाऱ्याचा वाढदिवसही चार वर्षांतून एकदाच. माझ्याकडचा चौथ्या पिढीतला, २०१९ मध्ये बाजारात आलेला, ४ जीबी रॅमचा. त्याला स्क्रीन नाही, कीबोर्ड नाही. एक वायर विजेची, एक राउटरची, एक एसएसडीची. बस्स. आणि या एवढ्याशा जिवावर अख्खं गाव चालतं.

गाव म्हणजे माइनक्राफ्टचं. हा गेम माहीत नाही असा माणूस आता विरळाच, पण ज्यांच्या घरात दहा-बारा वर्षांचं पोर नाही त्यांच्यासाठी सांगते. मार्कस पर्सन नावाच्या स्वीडिश माणसाने २००९ मध्ये लोकांसमोर आणलेला, २०११ मध्ये पूर्ण रूपात आलेला आणि २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने अडीच अब्ज डॉलर मोजून घेतलेला हा खेळ. सगळं जग चौकोनी ठोकळ्यांचं. ठोकळा फोडायचा, गोळा करायचा, दुसरीकडे लावायचा. त्यातून घर बांधा, शेत करा, शनिवारवाडा उभारा. जिंकणं-हरणं हा मुद्दाच नाही म्हटलं तरी चालेल. एकट्याने खेळता येतो, पण खरी मजा चार जणांनी एकाच जगात उतरण्यात आहे. त्यासाठी ते जग कुठल्या तरी कॉम्प्युटरवर सतत चालू राहायला हवं. तो कॉम्प्युटर म्हणजे सर्व्हर. त्याचं सॉफ्टवेअर कंपनी फुकट देते. डाउनलोड करा आणि आपल्या घरी चालवा, कोणी अडवत नाही.

आमच्या गावात दोन पाळ्या आहेत. संध्याकाळी सहा ते आठ पोरांची, रात्री दहानंतर आमची.

आधी आमचं सांगते. मार्च २०२० मध्ये ऑफिस बंद झालं तेव्हा आम्ही सहा जण एकाच बेमध्ये बसायचो. पुन्हा त्या बेमध्ये एकत्र बसायचा योग काही आला नाही. एक बंगळूरला गेला, एक टोरांटोला, एक हिंजवडीला राहायला गेली (ट्रॅफिक बघता टोरांटो जवळ पडतं). सुरुवातीला दर शनिवारी व्हिडिओ कॉल व्हायचे. पण व्हिडिओ कॉलवर सहा माणसं एकमेकांच्या थोबाडाकडे बघत ‘आणि, बाकी?’ एवढंच म्हणतात, हे तुम्हीही अनुभवलं असेल. कोणाच्याही ‘बाकी’चं उत्तर ‘काही नाही’ हेच असतं. २०२० संपता संपता मी हा डबा आणला आणि आम्ही खाणीत उतरलो. कानाला हेडफोन, हातात कुदळ. तिथे कोणी ‘बाकी?’ विचारत नाही. पंधरा मिनिटं कोणी बोललं नाही तरी कोणाला अवघडत नाही.

टोरांटोवाल्याच्या बाबांची इथे पुण्यात बायपास होती, त्या रात्री तो असाच लॉग-इन झाला. काही बोलला नाही. दोन तास नुसते दगड फोडत होता. आम्ही बाकीचे त्याच्या मागेपुढे मशाली लावत होतो. मग एकदम म्हणाला, “बाहेर आणलंय त्यांना, दादाचा मेसेज आला,” आणि झोपायला गेला. हे मी कुठल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर घडताना पाहिलेलं नाही.

आता पोरांची पाळी. माझा भाचा अकरा वर्षांचा. जिजू बँकेत, आणि बँकवाल्यांच्या घरात कॅलेंडरआधी बदलीची ऑर्डर येते हे तुम्हाला माहीत आहेच. २०२३ मध्ये ताईचं बिऱ्हाड कोथरूडहून नागपूरला हललं. भाच्याची सोसायटीतली गँग इथेच राहिली. ती पोरं आणि हा, रोज संध्याकाळी आता शू-रॅकवरच्या डब्यात भेटतात. फुटबॉलची बरोबरी त्याला नाही, मला मान्य आहे. पण पुणे-नागपूर सातशे किलोमीटर आहे आणि पोराला सहा वाजता मित्र हवे असतात.

तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला? महिन्याला पैसे भरून सर्व्हर भाड्याने मिळतो, कंपनीचीच रिअल्म्स नावाची सोय आहे. आहे ना, चांगली आहे, आणि वायरींचा कंटाळा असेल तर तुम्ही खुशाल तीच घ्या. माझा मुद्दा वेगळा आहे. ऑफिसमध्ये बॉसची नजर चुकवून फार्मव्हिलमध्ये वांगी लावलेली आठवतात? ती शेती ३१ डिसेंबर २०२० ला बंद झाली. भारतातलं पबजी मोबाइल सप्टेंबर २०२० मध्ये बंदीत गेलं आणि ३० ऑक्टोबरला सर्व्हरही थांबले. द क्रू नावाचा गाड्यांचा गेम लोकांनी चांगले रोख पैसे मोजून घेतला होता, त्याचे सर्व्हर कंपनीने ३१ मार्च २०२४ ला बंद केले आणि गेम निरुपयोगी झाला. त्यावरून युरोपात चळवळच उभी राहिली. दुसऱ्याच्या जागेत बांधलेलं घर कोणत्या दिवशी रिकामं करावं लागेल ते आपल्या हातात नसतं. मुंबई-पुण्यात अकरा महिन्यांच्या करारावर राहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

शिवाय खर्च. हा डबा साधारण पाच वॅट खातो. दिवसरात्र चालू ठेवला तरी महिन्याला साडेतीन युनिटच्या आसपास. युनिटला दहा रुपये धरा, छत्तीस रुपये झाले. तेच काम साध्या डेस्कटॉपला दिलं आणि तो ऐंशी वॅट खात बसला, तर पावणेसहाशे. म्हणजे एका कटिंगच्या बिलात महिनाभर गाव चालतं... बरं, दोन कटिंगच्या. आजकाल चहाही महागलाय.

पण पाच वॅटच्या यजमानाला पंगत किती झेपते? खरी गंमत इथे सुरू होते.

माइनक्राफ्टचा सर्व्हर सेकंदाला वीस वेळा सगळ्या गावावरून नजर फिरवतो. गाय एक पाऊल सरकली का, गहू वाढला का, कोणी भिंत फोडली का. प्रत्येक फेरीला मिळतात ५० मिलिसेकंद. तेवढ्यात काम उरकलं तर सगळं गुळगुळीत चालतं. नाही उरकलं तर फेऱ्या कमी पडतात. मग फोडलेला ठोकळा परत जागेवर उगवतो, गाय बर्फावरून घसरल्यासारखी जाते, आणि सर्व्हर आपल्या वहीत इंग्रजीत लिहून ठेवतो की मला झेपत नाहीये, माझ्यावर फार ओझं आहे का? मला तर ते वाक्य वाचून दरवेळी आमच्या जुन्या टीम-लीडची आठवण येते.

लोक म्हणतात, अगं पण प्रोसेसरला चार कोअर आहेत की! आहेत. पण या सर्व्हरचं मुख्य काम जवळपास एकाच धाग्यावर चालतं. स्वयंपाकी चार आणि तवा एकच. एकजण पोळ्या भाजणार, बाकीचे कणीक मळणार, ताटं मांडणार, पण पोळी तव्यावरूनच यायची. म्हणून सर्व्हरसाठी मशीन निवडताना कोअर किती हे विचारू नका, एकेक कोअर किती चपळ आहे ते विचारा. आणि तवा बदलता येत नसेल तर पोळ्यांची संख्या सांभाळा.

पोळ्या म्हणजे चंक. सोळा बाय सोळाचा एक तुकडा, तळापासून आभाळापर्यंत ३८४ ठोकळे उंच. हिशेब केलात तर एका चंकमध्ये ९८,३०४ ठोकळ्यांची जागा असते. प्रत्येक खेळाडूच्या चारही बाजूंना किती चंक उघडे ठेवायचे हा आकडा सेटिंगच्या फाइलमध्ये असतो, मुळात दहा. इकडे दहा, तिकडे दहा आणि मधला एक, म्हणजे एकवीस गुणिले एकवीस, एकूण ४४१. पाच जण पाच दिशांना पांगले की २,२०५ चंक! मी तो आकडा सहावर आणला. तेरा गुणिले तेरा, १६९. पाच जणांचे ८४५. एका आकड्यात ओझं निम्म्याहून कमी. बदल्यात लांबचा डोंगर दिसत नाही, धुकं दिसतं. पुण्यातल्या डिसेंबरच्या सकाळी तरी कुठे सिंहगड रोज दिसतो?

याचाच एक धाकटा भाऊ आहे. किती अंतरापर्यंत गोष्टी खरोखर हलाव्यात, वाढाव्यात, हे तो ठरवतो. तो माझ्याकडे चारवर आहे. म्हणजे डोंगर दिसेल सहा चंकांपर्यंत, पण पलीकडच्या गाई पुतळ्यासारख्या उभ्या. कोणाच्या लक्षातही येत नाही.

सगळ्यात महाग काम मात्र वेगळंच आहे. जिथे आजवर कोणी गेलं नाही तिथलं जग सर्व्हरला जागेवर घडवावं लागतं. डोंगर, नद्या, गुहा, त्यातलं कोळसा-लोखंड, सगळं. एक पोरगं पंख लावून उडत सुटलं की डब्याला घाम फुटतो. यावर उपाय आहे तो आपल्या आज्ज्यांचा, आदल्या रात्री तयारी करून ठेवायची! गावाला चार हजार बाय चार हजार ठोकळ्यांची वेस घातली. म्हणजे ६२,५०० चंक. ते सगळे कोणी खेळत नसताना, रात्रीतून घडवून घेतले. त्यासाठी चंकी नावाचं फुकट प्लगइन आहे. मूळ गेममधलं जग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सहा कोटी ठोकळे पसरतं, आमचं चार हजारांत संपतं. चार वर्षांत एकाही माणसाला वेशीपलीकडे काही काम निघालेलं नाही.

आणि हो, सर्व्हरचं सॉफ्टवेअर मूळ घेऊ नका, पेपर नावाचं घ्या. तेही फुकट. तोच सर्व्हर, पण लहान मशीनवर खूप हलका चालतो. रॅम चार जीबी आहे म्हणून सगळी जावाला देऊन टाकू नका. अडीच द्या, बाकीची ऑपरेटिंग सिस्टीमला श्वास घ्यायला ठेवा. ऑपरेटिंग सिस्टीमही ६४-बिटची, डेस्कटॉपशिवायची. ज्याला स्क्रीनच नाही त्याला वॉलपेपर कशाला?

आमच्या गँगमध्ये एक फायनान्सवाला आहे. त्याने गावात गोदाम बांधलं. वरून माल टाकला की गहू गव्हाच्या पेटीत, लोखंड लोखंडाच्या पेटीत आपोआप. बघायला जाम भारी. पण ते चालतं हॉपर नावाच्या नरसाळ्यांवर आणि त्याने अशी दोनशे नरसाळी लावली होती. प्रत्येक नरसाळं सतत डोकं वर करून बघत राहतं, वरून काही पडतंय का? दोनशे जण दिवसभर ‘आलं का? आलं का?’ विचारत असतील तर तव्यावरच्या माणसाचं काय होईल? डबा घामाघूम. मग एक जुनी युक्ती केली. नरसाळ्याच्या डोक्यावर कंपोस्टर ठेवला की त्याचं वर बघणं थांबतं, शेजारच्या नरसाळ्यातून आलेला माल घेणं मात्र चालू राहतं. फायनान्सवाल्याने एक अख्खा रविवार घालून दोनशे झाकणं लावली. आपल्या गोदामामुळे टोरांटोवाल्याला खोदता येत नाही, हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं होतं ना!

भाड्याच्या धष्टपुष्ट मशीनवर हा प्रश्न आलाच नसता. तिथे कोणी हजार नरसाळी लावली तरी शेजाऱ्याला पत्ता नसतो. लहान डब्यात सगळ्यांचा सगळ्यांना धक्का लागतो. मला हे आवडतं. दोन खोल्यांच्या घरात मोठी झाले म्हणून असेल.

पोरांच्या पाळीत हाच धक्का जरा जोरात लागला. आमच्या डब्याला सात खेळाडू सुखाने झेपतात. आठवा आला की वहीत ते वाक्य उमटायला लागतं. म्हणून सेटिंगमध्ये कमाल संख्या सात. कोथरूडची सहा आणि भाचा मिळून सात, गणित बरोबर जमलं होतं. मग नागपुरात भाच्याला शाळेत दोन नवे मित्र मिळाले. आता नऊ.

“मावशी, दोन वाढव ना. फक्त दोन!”

“अरे, दोन वाढवले तर नऊच्या नऊ अडखळाल.”

“पण मग त्यांना काय सांगू?”

कोथरूडवाल्यांचं म्हणणं, गाव आमचं, आम्ही बांधलं. भाच्याचं म्हणणं, मी पण बांधलं. दोन दिवस चॅटमध्ये नुसती धुमश्चक्री. नागपूरच्या त्या दोघांना न घ्यावं तर नव्या शाळेत याने काय तोंड दाखवायचं? आणि घ्यावं तर जुन्यातल्या दोघांनी का उठायचं? अकराव्या वर्षी याहून मोठा प्रश्न नसतो. ताईचा फोन आला, “अगं, जेवत नाहीये नीट, कर ना काहीतरी.” मी आकडा सातच ठेवला आणि पोरांना सांगितलं, खुर्च्या सात आहेत, तुम्ही ठरवा.

तिसऱ्या दिवशी भाच्याने एक कागदाचा फोटो पाठवला. पोरांनी सगळ्यांच्या ट्यूशनची टाइमटेबलं एकाखाली एक लिहून काढली होती. कोणाचा सोमवारी तबला, कोणाचं मंगळवारी-गुरुवारी गणित, कोणाचं बुधवारी अबॅकस. शोध असा लागला की नऊच्या नऊ जण एकाच वेळी मोकळे आहेत असा आठवड्यात एकच वार आहे, शनिवार. शनिवारी चिठ्ठ्या. बाकी दिवस सात खुर्च्या पुरून उरतात! आमच्या एचआरने आजवर काढलेल्या एकाही शिफ्ट-चार्टमध्ये मला इतकी अक्कल दिसलेली नाही. (आणि आजच्या पोरांना मोकळी संध्याकाळ एकच उरते, हे वाचून जरा पोटात कालवलंही, पण तो विषय वेगळा.)

यातली निम्मी पोरं आईबाबांच्या मोबाइलवरून खेळतात, हेही सांगायला हवं. मोबाइलचा माइनक्राफ्ट बेडरॉक जातीचा आणि आमचा सर्व्हर जावा जातीचा. दोघांची भाषा वेगळी. मध्ये गायझर नावाचा फुकट दुभाषा बसवला की दोघं एकाच गावात नांदतात. भारतात हा दुभाषा नसेल तर पोरांचा सर्व्हर काढण्यात अर्थ नाही, कारण कॉम्प्युटर असलेली पोरं थोडीच.

आता दाराविषयी. घरचा सर्व्हर म्हणजे घराचं दार बाहेरच्या जगाला थोडंसं उघडं ठेवणं, आणि इथे चेष्टा नको. पहिली अडचण तर दार उघडतच नाही ही. आपल्याकडे बरेच ब्रॉडबँडवाले शेकडो घरांना मिळून एकच आयपी पत्ता देतात. म्हणजे सोसायटीचा पत्ता आहे, पण फ्लॅट नंबर नाही. बाहेरून आलेला निरोप गेटवरच अडकतो. राउटरमध्ये कितीही पोर्ट फॉरवर्डिंग करा, उपयोग शून्य. उपाय दोन. एकतर महिन्याला थोडे जास्त पैसे देऊन स्वतःचा स्थिर आयपी घ्या. किंवा टेलस्केलसारखं खासगी नेटवर्क लावा, ज्यात फक्त तुमच्या ओळखीची उपकरणं एकमेकांना बघू शकतात. सगळे मोठे असाल तर दुसरा उपाय सरस. मी पोरांमुळे पहिला घेतला. नऊ घरांत जाऊन नऊ आयांच्या मोबाइलवर नवीन अ‍ॅप कोण टाकणार?

दार उघडलं की पाहुणे येतात, न बोलावलेलेसुद्धा. माइनक्राफ्टचं ठरलेलं पोर्ट २५५६५, आणि इंटरनेटभर हे पोर्ट कुठे उघडं आहे ते शोधत फिरणारे बॉट कायम असतात. म्हणून व्हाइटलिस्ट हवीच. यादीत नाव असेल त्यालाच आत प्रवेश. आणि यादीत मी ज्याला प्रत्यक्ष ओळखते, किंवा ज्याच्या आईशी फोनवर बोलले आहे, तोच. एका पोराने ‘माझा ऑनलाइन मित्र आहे, खूप चांगला आहे’ म्हणून नाव पाठवलं. वय माहीत नाही, शहर माहीत नाही. नाही म्हणजे नाही.

फुकाची भीती घालत नाहीये. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग फोर जे नावाच्या एका जावा लायब्ररीत असं भोक सापडलं होतं की माइनक्राफ्टच्या चॅटमध्ये एक ठरावीक ओळ टाइप केली तरी समोरच्या सर्व्हरवर हवा तो प्रोग्रॅम चालवता यायचा. जगभरच्या बँका आणि कंपन्या त्या आठवड्यात झोपल्या नाहीत, आणि दाखवायला सगळ्यात सोपं उदाहरण होतं माइनक्राफ्टचं. अपडेट लगेच आलं, पण ते टाकायचं काम ज्याचं त्याचं होतं. त्याच्या पाच वर्षं आधीची गोष्ट तर सिनेमात शोभेल. पारस झा आणि त्याच्या साथीदारांनी, विशीतल्या अमेरिकन पोरांनी, मिराई नावाचा प्रोग्रॅम लिहिला. तो घरोघरचे कॅमेरे आणि राउटर, ज्यांचे पासवर्ड कोणी कधी बदललेच नव्हते, ते शोधून ताब्यात घ्यायचा आणि सगळ्यांना मिळून एका सर्व्हरवर सोडायचा. त्यांची मुख्य शिकार कोण? माइनक्राफ्टचे सर्व्हर! त्या धंद्यात पैसा होता आणि प्रतिस्पर्ध्याचा सर्व्हर पाडला की गिऱ्हाईक आपल्याकडे येतं, असा सरळ हिशेब होता. पुढे मिराईचा कोड जगजाहीर झाला आणि २१ ऑक्टोबर २०१६ ला त्याच जातीच्या हल्ल्याने ट्विटर, नेटफ्लिक्ससकट अर्ध्या अमेरिकेचं इंटरनेट काही तास लंगडं झालं. डिसेंबर २०१७ मध्ये त्या तिघांनी कोर्टात गुन्हा कबूल केला. तेव्हा, राउटरचा पासवर्ड अजून ‘अ‍ॅडमिन’ असेल तर हा लेख बाजूला ठेवून आधी तो बदला. मी थांबते.

आलात? आता ऊन आणि वीज. डब्याचं डोकं ८० अंशांला तापलं की तो आपणहून वेग कमी करतो, आणि एप्रिल-मेमध्ये शू-रॅकवर तेवढं तापायला वेळ लागत नाही. अ‍ॅल्युमिनियमची केस आणि चिमुकला पंखा, एवढ्याने भागतं. चार्जर मोबाइलचा जोडू नका, त्याचाच घ्या. व्होल्टेज जरा घसरलं की तो कुरकुर करतो. आणि वीज जाणं! गावाचा हिशेब लिहीत असताना करंट गेला की मेमरी कार्ड कधीही दगा देऊ शकतं. म्हणून गाव कार्डवर ठेवायचंच नाही, एसएसडीवर ठेवायचं, आणि डबा-राउटर दोघांना इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्यायचं. इन्व्हर्टर नसेल तर खरं सांगू, रास्पबेरी पाय घेऊच नका. कपाटात पडलेला जुना लॅपटॉप काढा. वीज थोडी जास्त खाईल, पण त्याच्या पोटात बॅटरी आहे, म्हणजे यूपीएस फुकट. स्क्रीन फुटलेली असली तरी चालते.

राहिला बॅकअप. रोज पहाटे तीनला सर्व्हर आधी डिस्कवर लिहिणं थांबवतो, गावाची अख्खी प्रत काढतो, मग पुन्हा लिहायला लागतो. हा क्रम महत्त्वाचा. लिहिता लिहिता काढलेली प्रत अर्धवट निघू शकते. आठवड्याच्या सात प्रती ठेवते. गोदाम, खाण, पोरांचा किल्ला, टोरांटोवाल्याने त्या रात्री खोदलेला आणि कोणी न बुजवलेला बोगदा, सगळं मिळून एक साधा फोल्डर. दीड जीबीसुद्धा नाही. कोणालाही द्या, कुठल्याही कॉम्प्युटरवर ठेवा, तिथून गाव पुढे चालू.

गेल्या दिवाळीत भाचा आला होता, तेव्हा तो फोल्डर पेनड्राइव्हवर घेऊन गेला. जिजूंचा स्क्रीन फुटलेला लॅपटॉप आता नागपुरात टीव्हीच्या मागे चालू असतो. संध्याकाळची पाळी तिकडे हलली आहे, अंतराचा आकडा त्याने सहावरून पाचवर आणलाय आणि कमाल संख्या नऊ केली आहे. लॅपटॉपला झेपते म्हणे. परवा रात्री फोन आला.

“मावशी, तुझ्या घरामागे अकरा हॉपर उघडे आहेत. झाकणं टाक.”

“अरे, उद्या टाकते.”

“उद्या नाही, आत्ता. आणि बुधवारी तू येऊ नकोस, बुधवारी आम्ही नऊ असतो.”

अबॅकसचा क्लास सुटला वाटतं त्याच्या मित्राचा.